खालचा ठिपका

आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी दादांचा फोन आला. दादा वनस्पती संग्रहालयात आईच्या हाताखाली तयार झाले, आता तिच्याच खुर्चीवर बसतात.

"बाईंचा एक ठिपका नकाशावरून काढावा लागतोय," ते म्हणाले. "तुला आधी सांगावं म्हटलं."

डोंगरी लिली जिथे जिथे सापडली त्या जागांच्या नकाशावर सतरा ठिपके होते. सोळा ठिपके सोळाशे मीटरच्या वर, उत्तरेकडच्या उतारांवर. आईचा एकटाच खाली, एका ओढ्याकाठी, पंधराशे तीसवर. दादा तिथे दोनदा जाऊन आले होते. गच्च झाडी, काळी ओली माती.

"तिथे कंद आठ दिवसांत कुजेल. हिला पाणी निथळून जाणारी खडी लागते. मुळांवर झुडपांची सावली, फुलांवर ऊन. बाईंनीच शिकवलंय. नमुना खराच आहे गं, जागा चुकली."

"आई जागा चुकत नसे."

"माणूसच होत्या त्या."

मला राग आला. नकाशा छापायला जायला तीन आठवडे होते. आईने तो नमुना आणला त्या वर्षीची तिची वही मी शोधून काढली. आदल्या रात्री वादळ, सकाळी आभाळ स्वच्छ, असं तिने लिहिलं होतं. मी तिथेच थांबले.

आई उंचीमापक आदल्या संध्याकाळी घरीच लावून ठेवायची, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. घराची उंची तिला पाठ होती. ते यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं, म्हणून सकाळी पुन्हा लावायला हवं. पण सकाळी ती माझ्या वेण्या घालत असे. वादळात दाब उतरतो, आभाळ निवळलं की चढतो, आणि यंत्र आहे त्यापेक्षा कमी उंची दाखवतं.

"दादा, ती चुकलीच," मी फोनवर म्हणाले. "पण जागा नाही, उंची. त्याच ओढ्याने सत्तर-ऐंशी मीटर आणखी वर जाऊ या."

"अगं, यंत्र पायथ्याशी लावायचं, हा पहिला धडा! आमच्यावर ओरडायच्या त्या. आणि स्वतः ओट्यावर?"

ते इतके हसले की मलाही हसू फुटलं.

रविवारी चढलो.

"दमलीस?"

"तुम्हीच धापा टाकताय."

पंधराशे तीसची झाडी मागे पडली, आणखी वर ती संपलीच. पुढे खडीचा उतार, त्यावर गुडघ्याएवढी झुडपं. त्यांच्यातून अकरा दांडे वर आले होते. फुलं होऊन गेली होती, हिरव्या शेंगा धरल्या होत्या. पायथ्याशी लावून आणलेलं यंत्र सोळाशे दहा दाखवत होतं. दादा दांडे मोजत राहिले. मी खडीवर बसले. आई इथे बसली असेल, असं ठरवून टाकलं.

सोमवारी संग्रहालयात दादांनी कागदावर चिकटवलेला आईचा नमुना काढला आणि माझ्यापुढे कोरी चिठ्ठी ठेवली.

"जुनी चिठ्ठी आम्ही कधी खोडत नाही. दुरुस्ती शेजारी चिकटवायची. तूच लिही."

मी सोळाशे दहा लिहिलं, तारीख घातली, सही केली. आईच्या निळ्या अक्षरांना लागून ती चिठ्ठी लावली आणि डिंक धरेपर्यंत बोटाने दाबून ठेवली.