पकड

वाटीच्या तळाशी पिवळट दुधाचा एक पातळ थर होता – वाटी तिरकी केली की एका बाजूला ओघळणारा, सरळ धरली की तळही पुरता न झाकणारा. एवढंच. सकाळपासून दात आवळून, दोन्ही बाजू पिळपिळून एवढंच. खिडकीतून आलेल्या उन्हात तिनं वाटी धरली आणि तिच्या मनात आलं, कुणी पाहिलं तर म्हणेल, वाटी नीट विसळलेली नाही.

पलंगावर बाळ रडत होतं. ते रडणं आता तिला पाठ झालं होतं – आधी कण्हल्यासारखं, मग धाप लागल्यासारखं, आणि मग घसा खरवडून निघणारी ती किंकाळी, जी ऐकली की तिचं सगळं अंग आकसायचं, चटका बसायच्या आधीच बोट मागं यावं तसं. बोंडांना चिरा पडलेल्या. गाऊनचं सुती कापडसुद्धा सोसत नव्हतं. इस्पितळातली नर्स म्हणाली होती, "पकड चुकतेय, बाई. त्याला आ करू द्या, मग एकदम आत द्या. जमेल." आणि स्वतःच्या गार बोटांनी तिची छाती धरून, उशी अभ्र्यात कोंबावी तशी बाळाच्या तोंडात कोंबली होती. जमलंही होतं... नर्सचा हात होता तोवर.

शिकवलं आणि आलं नाही असं तिच्या आयुष्यात आजवर काही नव्हतं. उलट शिकवणं हेच तर तिचं काम – तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची ती. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, पोराच्या पोटाखाली तळवा द्यायचा, आणि ते हातपाय मारू लागलं की तळवा नकळत, अगदी नकळत काढून घ्यायचा. काठावर आईबाप श्वास रोखून उभे, आणि ही हसतेय. तेव्हा हे शरीर तिचं होतं – रुंद खांद्यांचं, सांगेल ते ऐकणारं. आता त्यावर येणारा-जाणारा हात टाकत होता. नर्स, डॉक्टरीण, सासूबाई. सासूबाई तर जाता-येता गाऊनवरूनच चाचपायच्या, फळ पिकलंय का बघावं तसं... आणि ती मुकाट उभी राहायची.

"जा, आंघोळ करून घे," सासूबाई दारातून म्हणाल्या. "गरम पाणी घे छातीवर, मोकळं होईल. मी बघते त्याच्याकडे."

न्हाणीघरात तिनं नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात रडणं बुडालं, तरी कानात चालूच राहिलं. पाठीवर गरम पाणी घेत ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली – अजून जरा वेळ, अजून जराच – ह्या चार भिंतींत कुणाला काही नको आहे तिच्याकडून... मग तिनं नळ बंद केला, आणि घरात शांतता होती.

मेलं, असं तिला वाटलं. स्वच्छ, सरळ वाटलं. आणि ते वाटणं आणि त्यामागून आलेली भीती यांच्यामध्ये एक फट होती, केसाएवढी, आणि त्या फटीत तिला हलकं वाटलं होतं.

ती ओल्या केसांनीच बाहेर धावली.

पलंगाच्या कडेला चिमी बसली होती. चिमी म्हणजे तिची धाकटी नणंद – चांगली उंचनिंच बाई, पण घरात अजून चिमीच – पाच-सहा महिन्यांची लेक घेऊन मदतीला म्हणून कालच आलेली. तिची लेक शेजारच्या खोलीत झोपली होती. चिमीच्या मांडीवर बाळ होतं, तिच्या उघड्या छातीला चिकटून. घुटुक... घुटुक... हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. आपल्या बाळाला असा आवाज काढता येतो, हे तिला माहीत नव्हतं.

चिमी गोरीमोरी झाली. "वहिनी... रडून रडून निळा पडला होता गं. राहवलं नाही मला."

"पोट भरलं बघ लेकराचं," सासूबाई म्हणाल्या. "झोपेल आता निवांत." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं शोधला, पण नव्हता.

"बरं केलंस," ती चिमीला म्हणाली. केसांतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत राहिलं.

दुपारी नवरा जेवायला घरी आला. बाळ झोपलेलं बघून त्याचा चेहरा इतका सैलावला की तिला त्याची दया आली, आणि लगेच रागही.

"प्रश्नच मिटला की मग," तो म्हणाला. "चिमी आहे अजून काही दिवस. तूही जरा झोप काढ."

"म्हणजे मी नको."

"असं कुठं म्हणालो मी? त्याचं पोट भरणं महत्त्वाचं ना?"

महत्त्वाचंच होतं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती. सगळी चांगली माणसं, सगळ्यांचं बरोबर – आणि ती ताटावर बसून घास चावत होती, चावत होती, गिळायचं विसरून.

तो गेला. बाळ उठलं. तिनं खोलीची कडी लावली.

मांडीवर उशी. उशीवर बाळ. डोकं असं, हात असा. बाळानं नाक घासलं, तोंड लावलं – तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली – आणि सोडून दिलं, मान फिरवली. पुन्हा. पुन्हा फिरवली. ह्याला चव कळली, तिला वाटलं. ह्याला माणूस कळला. एवढ्याशा जिवानं मला तोलून बघितलं आणि नको म्हटलं... तिनं त्याच्या मानेमागं हात घातला आणि तोंड छातीवर दाबलं. घे. घे म्हणते ना. रडणं दबलं, घुसमटलं, त्यातला सूर बदलला, आणि तेव्हा तिला स्वतःची बोटं दिसली – टोकांशी पांढरी पडलेली, त्या इवल्याशा मानेभोवती.

तिनं बाळाला पलंगावर ठेवलं. हळू, फार हळू. मग ती मागं सरकत भिंतीपाशी गेली, खाली बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून राहिली. बाळ पलंगावर ओरडत होतं. आणि आता, कुणी मागत नसताना, कुणी धरलेलं नसताना, तिच्या गाऊनवर दोन ओले डाग उमटले, पसरले, पोटावर ओघळ आले.

"वहिनी?" दारावर टकटक. "घेऊ का गं त्याला?"

तिनं कडी काढली. चिमीनं गाऊनकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. मी आत्ता ह्याची मान – वाक्य दातांपर्यंत आलं.

"घे," ती म्हणाली.

खरं तर खोलीतून निघून जायचं होतं, पण पाय निघाले नाहीत. ती समोर जमिनीवर बसली, हात पुन्हा मांड्यांखाली घालून. चिमीनं बाळाला जवळ घेतलं, आणि त्यानं तोंड लावलं त्या क्षणी चिमीच्या पायांची बोटं आखडली. जबडा घट्ट. नजर छताला.

"दुखतं तुला?"

"मग? जीव जातो." चिमीनं श्वास सोडला. "आता कमी झालंय. आधी उशी चावायचे मी. एकदा तर पोरीला पलंगावर टाकलं आणि जिन्यात जाऊन बसले. म्हटलं, रड काय रडायचं ते."

"आईंना माहीत आहे?"

चिमी आवाज न करता हसली. "आईला काय सांगायचं? तिनं तरी कुणाला सांगितलं असेल?"

"मला का नाही सांगितलंस? फोनवर तर म्हणायचीस, छान चाललंय."

"परवा तूही तेच म्हणालीस की, वहिनी."

स्वयंपाकघरात सासूबाई भांडी लावत होत्या. एकेक भांडं न वाजवता, बाळ झोपलं असेल म्हणून. त्या बाईनं चार पोरं पाजली होती, आणि ते दुखणं कुठं ठेवलं होतं तिनं – कुठल्या डब्यात, कुठल्या फडताळात – की असं न वाजवता एकावर एक रचत गेली?

इतके दिवस तिनं बाळाला वरूनच पाहिलं होतं – कान, गाल, टाळूची धडधड. आज बाजूनं दिसत होतं. कपाळावर घाम. मूठ वळलेली. तो हरेक घोटासाठी राबत होता, डोळे मिटून, कुणाचं दूध आहे याची काही फिकीर न करता. त्यानं तिला तोललं नव्हतं. त्याला ती माहीतच नव्हती.

सकाळपासून छातीत धरलेला राग तिनं चाचपून पाहिला, तर तो बाळावर उरला नव्हता. मग कुणावर होता, ते तिला सांगता आलं नसतं. मांड्यांखाली अजून हात दाबलेले होते. त्यांना मुंग्या आल्या होत्या, आणि ते बाहेर काढायचा धीर तिला होत नव्हता.