फाइलीत लिहिलेला पासवर्ड

आमच्या मॅनेजरचं ऑफिसातलं टोपणनाव ‘बघूया’. काहीही विचारा, उत्तर तेच.

आम्ही एका हॉस्पिटलचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. पेशंटांची यादी आणि मेसेज पाठवणारा सर्व्हर, दोन्हींचे खरे पत्ते आणि पासवर्ड बघूयाने कॉन्फिग फाइलीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फाइलीत, थेट लिहून ठेवले होते. मी कानीकपाळी ओरडत होते, “फाइलीत खऱ्या पत्त्याच्या जागी नुसतं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव ठेवू. पत्ता ज्या त्या मशीनवर वेगळा भरू. म्हणजे टेस्टिंगच्या मशीनवरून खऱ्या माणसांना काही जाणार नाही.”

“बघूया. चालत्या गाड्याला खीळ कशाला?”

सोमवारी सकाळी आमच्या टेस्टर काकूंनी नेहमीची चाचणी घेतली. त्यांच्या मशीनवर तीच फाइल आली होती. ‘तुमचे ऑपरेशन रद्द झाले आहे’ हा मेसेज थेट पेशंटांच्या फोनवर जाऊन धडकला.

मला कळलं ते मावशीच्या फोनवरून. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. “अगं, हॉस्पिटलच्या दारातून परत फिरलो. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. तुझ्या काकांनी रजा टाकलेली. असं कसं गं रद्द करतात?”

“रद्द नाहीये, मावशी. मागे फिर. घोळ आमचा आहे.”

मीटिंगमध्ये बघूया शांतपणे म्हणाला, “हॉस्पिटलला कळवू, टेस्टरकडून चूक झाली.” काकू टेबलाकडे बघत बसल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काकूंनी त्यांचं काम केलं. फाइल कुणाची? बदलायची नाही असं कोण म्हणालं?”

“आवाज खाली.”

“नाही होणार! चोर सोडून संन्याशाला फाशी?”

त्याच्यासमोरच मी हॉस्पिटलला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग काकू आणि मी एकेका पेशंटला फोन करत बसलो. लोकांनी आमचा उद्धार केला. का करू नये? एक आजोबा नुसतं “बरं” म्हणाले. तेच जास्त लागलं.

त्याच दुपारी पासवर्ड बदलले, फाइलीतून सगळं उपसून काढलं. विचारलं कुणालाच नाही.

मावशी परत पोहोचेपर्यंत तिच्या डॉक्टर निघून गेल्या होत्या. तिला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली.

संध्याकाळी बघूयाचा सगळ्यांना ईमेल आला: ‘यातून आपण सर्वांनी शिकायला हवे.’

आपण! काकूंनी तो मोठ्याने वाचला आणि पर्स उचलून निघून गेल्या.