आबाजीचं ऊन

माझ्या हातून लाखभर तरी पिलं वाढली असतील. कोंबडीची. पणदऱ्यात पोल्ट्री टाकणाऱ्या पहिल्या चार-पाच जणांत मी एक, आणि एका दिवसाचं पिलू पायावर उभं करायचं असेल तर लोक अजूनही मलाच विचारतात. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. ती फुशारकीच नडली, म्हणून सांगतोय.

सत्त्याण्णव सालातला चैत्र. माझी थोरली बहीण मुक्ताबाई पळसदेवाहून दोन एसट्या बदलून आली, मांडीवर बुटाचं खोकं घेऊन. खोक्याला दाभणानं भोकं पाडलेली. मला वाटलं, कुणाची तरी पिलं आणली दाखवायला. झाकण काढलं तर आत सरडा. आपल्या बांधावरचा नव्हे. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, रंग वाळूचा आणि हनुवटीखाली काट्याकाट्यांची दाढी. माझी बायको गोजरबाई "अगं बया" म्हणत दोन पावलं मागं सरली.

मी त्याला ओळखत होतो. अक्काचा एकुलता एक मुलगा मानसिंग बोटीवर खलाशी होता. आदल्या दिवाळीला सुट्टीवर येताना कुठल्याशा बंदरातून त्यानं हे पिल्लू सदऱ्याच्या आत दडवून आणलं. दाढी बघून नाव ठेवलं आबाजी. त्याला खांद्यावर बसवून तो गावभर हिंडायचा. अक्का दारातून ओरडायची, "मान्या, उन्हातान्हात ते ध्यान घिऊन हिंडू नगंस, लोकं हसत्यात." मानसिंग ऐकतोय कुठला. भर दुपारी घासाच्या वाफ्यात बसून राहायचा आणि आबाजी नाकतोडे कसे टिपतो ते बघायचा.

माघात मानसिंग गेला. हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. अठ्ठावीस वर्षांचा होता. दाजी आधीच गेलेले, त्यामुळं त्या घरात दोनच जीव उरले, अक्का आणि हा आबाजी.

"खात न्हाय रं," अक्का म्हणाली. "पडून ऱ्हातंय. मागचा पाय वढतंय. रावज्या, तू एवढी पिलं जगवतूस, ह्येला जगव. त्यानं हातानं आणलेलं एवढंच जितं हाय माज्यापाशी."

"जगवतो की," मी म्हणालो. एका दमात म्हणालो, विचारसुद्धा केला नाही.

मग विचारलं, "खायला काय घालतीस?"

"दूधभात. चतकोर केळं. एकादशीला भगर."

सरड्याची एकादशी. गोजरबाई भिंतीकडं तोंड करून हसली. हसू मलाही आलं, पण अक्कापुढं हसायची टाप नव्हती. ती वीस वर्षांची माळकरी. माझ्या घरी आली तर कप स्वतः घासून घेतल्याशिवाय चहासुद्धा पीत नसे, कारण हे कोंबड्यांचं घर. निघताना तिनं मला बजावलं, "ह्येच्या तोंडात मासळी, किडा, मुंगी काय घालायचं न्हाय. त्ये माळकऱ्याच्या घरातलं हाय." मी मान डोलावली. बहिणीचं पोर नुकतं गेलेलं, तिच्याशी सरड्याच्या पथ्यावरून कोण वाद घालणार?

मग मी माझी सगळी विद्या त्याच्यावर चालवली. खाद्याच्या खोलीत पत्र्याचं गोल रिंगण केलं, खाली भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र, आणि वर हातभर अंतरावर शंभराचा बल्ब. पिलं आली की आम्ही हेच करतो. पहिल्या दिवशी गूळपाणी पाजलं, दुसऱ्या दिवसापासून मक्याचा भरडा, काकडी, कोथिंबीर. कोंबडीचं तयार खाद्य शेजारीच पोत्यात होतं, पण त्यात सुकटीची पूड असते. अक्काला शब्द दिला होता, तेव्हा ते वर्ज्य.

आबाजी सरपटत जाऊन नेमका बल्बाखाली पडला आणि त्यानं डोळे मिटले. आमच्या धंद्यात पिलं बल्बाखाली गोळा झाली की समजायचं, थंडी वाजतेय. मी बल्ब चार बोटं खाली घेतला. तरी तो हलेना, म्हणून शेजारी दुसरा लावला. वैशाख लागला. झळ आत येऊ नये म्हणून खिडक्यांना ओली पोती बांधली, पिलांना बांधतो तशीच. बाहेर दगड फुटेल असं ऊन पडलं होतं. ते मी पोती बांधून अडवत होतो आणि आत विजेचं बिल भरून दोनशे वॅटचं ऊन टांगत होतो. यात काही खुळेपणा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

दर गुरुवारी अक्का शेजारच्या दुकानात फोन करायची. "काय म्हंतोय आबाजी?"

"बरा हाय. काकडी खाल्ली आज."

पहिले आठ-दहा दिवस ते खरंही होतं. पुढं पुढं मी खोटं बोलू लागलो. त्याचा मागचा एक पाय वाकडा झाला, मग दुसरा. पुढचे पंजे थरथरायचे. जबडा सुजल्यासारखा फुगला. मी गूळपाणी वाढवलं, बल्ब आणखी खाली घेतला. ज्याला एकच औषध ठाऊक असतं तो गुण येईना झाला की तेच वाढवत नेतो, तशातली गत.

आषाढात खाद्याच्या कंपनीचे डॉक्टर विजयसिंह शेड बघायला आले. चांगला माणूस, माझ्या मुलाच्या वयाचा. निघताना मी त्यांना आबाजी दाखवला. आधी ते हसले. मग खाली बसले, त्याचा जबडा अंगठ्यानं हळूच दाबला आणि त्यांचं हसू गेलं. जबडा सायकलच्या ट्यूबसारखा दबला.

"रावजी, पायात मऊ पडलेली पिलं पाहिलीत ना?"

"ढिगानं."

"का पडतात?"

"खाद्यात डी-थ्री जीवनसत्त्व कमी पडलं की."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला तरीही उजेड पडेना.

"कोंबडीला ते पोत्यातून मिळतं," ते म्हणाले. "याला कुठून मिळणार? हा उन्हात राहणारा जीव. बल्बानं ऊब मिळते हो, पण उन्हात जे असतं ते बल्बात नसतं. त्यात याचं खाणं किडे. मक्याच्या भरड्यावर हाडं कशी धरतील?"

"म्हंजे ह्येला निस्तं ऊन लागत हुतं?"

"उघडं ऊन. रोज तास-दोन तास. आणि चार नाकतोडे. बाकी काही नाही."

आमच्याकडं पाऊस नाही म्हणा, मान्य. पण ऊन नाही? चैत्र, वैशाख, जेठ, तीन महिने ते अंगणात फुकट सांडलं होतं आणि मी खिडकीला पोती बांधून बसलो होतो. मी तिथंच खाद्याच्या पोत्यावर बसलो. लाज वाटली. एवढ्या वर्षांत तशी कधी वाटली नव्हती.

"आता काय करायचं?"

"कॅल्शियमचं औषध देतो, दोन-दोन थेंब. ऊन द्या, किडे द्या." ते बॅग उचलत म्हणाले, "पण फार उशीर झालाय. आशा धरू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी सगळी पोती ओढून काढली. उजाडलं तर आभाळ गच्च. आमच्याकडचा आषाढ असाच असतो. ढग दिवसभर घाटाकडून येतात, डोक्यावरून सोलापूरकडं जातात, टिपूस पडत नाही आणि उन्हाची तिरीप दिसत नाही. सगळं गाव वर बघून पाऊस मागत होतं आणि मी एकटा ऊन मागत होतो. गोजरबाई म्हणाली, "अवो, मोठ्यानं बोलू नगा, लोकं हानतील." एक आठवडा गेला. मी रोज त्याला टोपलीत घालून अंगणात ठेवायचो आणि तो करड्या उजेडात डोळे मिटून पडायचा.

नाकतोड्यांचं मात्र अक्काला विचारल्याशिवाय करायचं नव्हतं. मी फोन केला. उन्हाचं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "अक्का, डॉक्टर म्हंत्यात, किडं खाल्ल्याबिगार ह्येचं खरं न्हाय."

ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ती आली. हातात स्टीलचा डबा, झाकणाला भोकं, आत तडतड चाललेली. पहाटे घासाच्या वाफ्यात ओणवी होऊन तिनं स्वतः धरले होते, चाळीस तरी असतील. तिची साठी उलटलेली. मी डबा घेतला आणि मग माझं लक्ष तिच्या गळ्याकडं गेलं. गळा मोकळा होता. माळ रुळायची तिथं कातडीवर फिकट रेघ तेवढी राहिली होती.

"माळ देवापाशी ठिवली," ती माझी नजर बघून म्हणाली. "इठ्ठलाला म्हनलं, ह्येवढं हुंदे. मग माजं काय करायचं ती कर."

जिनं वीस वर्षांत तांदळातली अळीसुद्धा उचलून कुंडीत सोडली, तिनं डबा उघडला, एक नाकतोडा दोन बोटांत धरला आणि आबाजीच्या तोंडापुढं नेला.

त्यानं तो ओळखला. खरंच ओळखला. किती दिवसांनी त्यानं डोळे पुरते उघडले, मान वळवली, जीभ बाहेर काढली. अक्कानं नाकतोडा तोंडात ठेवला. पण जबडा मिटेना. त्या रबरासारख्या जबड्यात जोरच नव्हता. नाकतोड्यानं दोनदा पाय झाडले, तो तोंडातून चालत बाहेर आला आणि टोपलीच्या काठावर जाऊन बसला. अक्कानं दुसरा धरला. मग तिसरा. सात-आठ झाले. शेवटी तिनं एक नखानं चिरडला, त्याचा रस बोटावर घेऊन त्याच्या जिभेला लावला आणि बोट पदराला पुसलं. तो रसही कडेनं ओघळून गेला.

तेवढ्यात ढग फाटले. आठ दिवस तोंड न दाखवलेलं ऊन एकदम अंगणभर आलं. अक्कानं आबाजीला उचलून खांद्यावर ठेवलं, मानसिंग ठेवायचा तसं. त्याचे पंजे धरेनात, तो घसरला. मग तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि पायरीवर उन्हात बसली.

"मानसिंग ह्येला उन्हात न्ह्यायचा," ती म्हणाली. "त्येच बरं हुतं व्हय रं ह्येला?"

तिथं खोटं बोलायला हवं होतं. पण जमलं नाही. "व्हय, अक्का."

"आन मी वरडायची."

"अक्का, मी तर खिडकीला पोती बांधली," मी म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

आबाजीनं अंग सैल सोडलं. दाढी मऊ पडली, मान एका बाजूला आली. शेडमधून मेलेली पिलं उचलण्यात माझं आयुष्य गेलंय. मला हात लावून बघावं लागत नाही. चहा घेऊन आलेल्या गोजरबाईलाही कळलं, ती उंबऱ्यातच थांबली.

अक्काचा हात त्याच्या पाठीवर होता. "आंग कसं तापलंय बघ," ती म्हणाली. "उन्हानं बरं वाटाया लागलं त्येला."

सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मानसिंग बी आसाच गरम हुता," ती म्हणाली. मानसिंग गेल्यापासून त्या दिवसाचं एक अक्षर तिनं कुणापाशी काढलं नव्हतं. "दुपारची येळ. उन्हात पडून हुता रस्त्यावर. समदी म्हनाली, गेला. मी म्हनलं, आंग गरम हाय की, गेला कसा? मला वढून बाजूला केली. कुनी बसूच दिलं न्हाय त्येच्यापाशी."

मी तोंड मिटलं. गोजरबाईला हातानं थांब म्हणालो.

अक्का बसून राहिली. पायरीवर सावली आली तशी ती त्याला घेऊन उन्हात सरकली. थोड्या वेळानं आणखी सरकली. मी समोर बसलो होतो. कोंबड्यांना पाणी द्यायची वेळ झाली, टळली, मी उठलो नाही. शेवटी ऊन अंगण सोडून भिंतीवर चढलं. अक्कानं हात उचलला, परत ठेवला, परत उचलला.

"गार पडला," ती म्हणाली.

"व्हय, अक्का."

तिनं त्याच्यावर पदर घातला. बऱ्याच वेळानं तो काढला आणि आबाजीला माझ्या हातात दिलं.

"आता न्हे," ती म्हणाली. "आता माजी ना न्हाय."