बाबांचं औषध

सर्व संतांच्या दिवशी संध्याकाळी आईने टेबलावर पाव ठेवला, मेणबत्ती लावली, शेजारी पाण्याचा जग ठेवला. आज घरची गेलेली माणसं येतात, खाऊन-पिऊन जातात. एरवी दूध असायचं. यंदा विहिरीचं पाणी, कारण विहीर बाबांनी खणलेली आणि कित्येक वर्षं झाकण घालून बंद होती; ती यंदाच उघडली.

“पाणी स्वच्छ आहे, तूच म्हणालीस ना?” आईने विचारलं.

थोरली मुलगी तादेया तसं म्हणाली होती खरी. मारिबोर शहरातल्या कचेरीत तिचं कामच ते: मक्यावर मारलेलं तणनाशक मातीतून झिरपत कुठे जातं, ते संगणकावर मांडून बघायचं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पडून होता, पण निकाल येईपर्यंत आईला धीर नव्हता. म्हणून तादेयाने घरच्या विहिरीचंही गणित मांडलं होतं.

आता टेबलाच्या कोपऱ्यावर संगणकात तेच आकडे पुन्हा बघताना तिचा हात थांबला. औषध विरण्याचा वेग तिने वरच्या काळ्या मातीचा घेतला होता आणि तोच खाली दगडगोट्यांच्या थरालाही लावला होता. मातीत औषध खाणारे जंतू असतात. खाली गोट्यांत खाणारं जवळपास कोणी नसतं.

तिने आकडा बदलला. पडद्यावर बाबांच्या शेतातून एक तांबडी जीभ निघाली, कुंपणाखालून सरकत आली आणि विहिरीला लागली.

बाबांना जाऊन वर्षं झाली, ते मारायचे त्या औषधावर बंदी येऊन त्याहून जास्त. ते अजून वाटेतच होतं.

“मेलेल्यांना जग भरून, आणि जिवंत पोटुशीला कोणी विचारत नाही!” धाकटी बहीण मार्येता पोट सावरत आत आली आणि तिने जग उचलला.

तादेयाने तो हिसकावला. थोडं पाणी सांडलं.

“वेड लागलं का गं तुला?”

“पिऊ नकोस. आई, माझं चुकलं. बाबांचं औषध विहिरीत आलंय.”

आईने पडद्यावरच्या तांबड्या जिभेवर बोट ठेवलं. “पाठीवर पंप घेऊन याच वाटेने यायचे ते,” ती म्हणाली. मग जग घेऊन दाराकडे निघाली. “ओतून टाकते अंगणात.”

“नको. तिथून परत खालीच जाईल.”

“मग मोरीत?”

“मोरीचा खड्डा विहिरीमागेच आहे, आई.”

आई उंबऱ्यात थांबली. मग मागे वळली, जग पावाशेजारी ठेवला आणि त्याचा कान बाबांच्या खुर्चीकडे फिरवला.