ज्या जागी चेंडू मरायचा

मी बास्केटबॉलच्या मैदानाचा एक तुकडा बोलतोय. दोन हात लांब, दोन हात रुंद, मॅपलच्या लाकडी पट्ट्यांचा. माझ्या एका कडेवर निळी रेघ आहे. ती कुठून आली आणि कुठे निघाली होती, हे आता माझ्याकडे बघून कुणाला सांगता यायचं नाही.

मला पेंगायची सवय फार. झाड होतो तेव्हा निम्मं वर्ष बर्फात उभ्या उभ्या झोपायचो. मग कापला गेलो, जहाजात चढलो, आणि डोळे उघडले ते पुएर्तो रिकोच्या डोंगरात, आगुआस क्लारास गावाच्या क्रीडागृहात. इथे बर्फ नाही. इथे दुपारी पत्रा तापतो, छपराखाली पाखरं बोलतात, आणि हंगाम संपला की सहा महिने कुणी फिरकत नाही. मी अजूनही अधूनमधून स्वप्नात झाड असतो. पायाखाली थंडगार माती असते आणि वर कुठेतरी चेंडू उडत असतो.

मला बसवलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी वादळ आलं आणि अर्धं छप्पर घेऊन गेलं. नऊ दिवस माझ्यावर पाणी साचून होतं. पुढे सगळं वाळलं, रंग दिला, रोगण चढवलं. पण माझ्या खालचं अस्तर कुजलं होतं, ते कुणाला दिसलं नाही. बाकी मैदानावर चेंडू टाकला की तो कमरेपर्यंत उसळायचा. माझ्यावर पडला की धप्पकन आवाज करायचा आणि जेमतेम गुडघ्याला लागायचा. खेळाडूंना वाटायचं, हातच घामेजलाय. हात चड्डीला पुसून ते पुढे पळायचे. पळताना कोण कशाला खाली बघतंय?

खाली बघणारा एकच भेटला. एलियूद कोत्तो.

एलियूद गावचाच. तेरा हंगाम व्यावसायिक संघात खेळला, पण त्याचं नाव छापलेला शर्ट घातलेलं पोर मी कधी पाहिलं नाही. त्याला बास्केट मारता येत नसे. अगदीच येत नसे असं नाही, पण आलंच तर सगळ्यांना हसू यायचं. त्याचं काम वेगळं. बाकावरून उठायचं, आठ-दहा मिनिटं समोरच्या संघाच्या सर्वांत भारी गड्याला जेरीस आणायचं, धावत येणाऱ्याची धडक छातीवर झेलून पाठीवर आपटायचं, आणि शेवटची दोन मिनिटं उरली की परत बाकावर. त्या वेळी बास्केट मारणारी माणसं लागतात, म्हणून प्रशिक्षक मोन्सेराते त्याला हटकून बाहेर बोलवायचे. तो एवढ्या वेळा माझ्यावर पडला की त्याच्या पाठीचा मणका न् मणका मला पाठ झाला.

सरावाच्या तासभर आधी तो एकटा यायचा आणि चेंडू आपटत सगळं मैदान पावलापावलाने चालायचा, मान तिरकी करून, ऐकत. कलिंगडवाला कलिंगड वाजवून बघतो तसा. अशाच एका दिवशी तो माझ्यापाशी थांबला. चेंडू टाकला, पुन्हा टाकला, मग खाली बसून माझ्यावर तळहात ठेवला आणि गालातल्या गालात हसला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून आमची जोडी जमली. पहिल्या अर्ध्यात पाहुणा संघ माझ्या बाजूच्या बास्केटवर चाल करून यायचा. एलियूद त्यांच्या हिरोला इकडून तिकडून दाबत बरोबर माझ्यावर आणायचा. धप्प. चेंडू मरायचा, आणि एलियूद तो उचलून पसार. लोक म्हणायचे, घरच्या मैदानावर या पोराच्या अंगात वारं संचारतं. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलायच्या आणि आपलेच गडी माझ्या दिशेने यायचे. तेव्हा एलियूद स्वतःच माझ्यावर ठाण मांडून उभा राहायचा, म्हणजे आपल्या कुणाचा पाय किंवा चेंडू इकडे वळायचा नाही. शेवटची दोन मिनिटं मात्र तो बाकावर बसलेला असायचा. तोंडात टॉवेल धरून माझ्याकडे टक लावून.

आमचं हे गुपित आणखी एकीला माहीत होतं. मैदान पुसणाऱ्या प्रोवीबाईंना. फडकं माझ्यावरून गेलं की आवाज बदलतो, हे त्यांच्या कानाने केव्हाच टिपलं होतं. त्या एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सांगून टाक की क्रीडागृहाच्या साहेबांना. उखडून नवं बसवतील."

"मग मला संघात कशाला ठेवतील, बाई?" एलियूद म्हणाला.

प्रोवीबाईंनी फडकं पिळलं आणि पुढची पट्टी पुसायला घेतली. मला तरी कुठे उखडून घ्यायचं होतं?

त्याच्या सहाव्या हंगामात आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. शेवटचं मिनिट, एका गुणाने मागे, चेंडू अबिमाएलकडे. अबिमाएल आमचा सर्वांत लाडका गडी. गावातल्या बायका त्याला रस्त्यात थांबवून खाऊ घालायच्या. तो वळसा घेऊन सरळ माझ्यावर आला. बाकावर एलियूद ताडकन उठलेला मला दिसला. त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. धप्प. चेंडू अबिमाएलच्या हातापर्यंत आलाच नाही. समोरच्याने तो उचलला आणि आम्ही हरलो.

त्या दिवसापासून लोकांच्या तोंडी अबिमाएलचे हात साबणाचे झाले. दोन वर्षांत त्याने खेळ सोडला आणि हमरस्त्यावर टायरचं दुकान टाकलं. तिथेही गिऱ्हाईक विचारायचं, "अबी, टायर तरी हातातून सुटत नाही ना?" त्याची आई नेहमी तिसऱ्या रांगेत घंटा घेऊन बसायची, ती क्रीडागृहात यायची बंद झाली. हे सगळं प्रोवीबाई मैदान पुसता पुसता एलियूदला ऐकवायच्या, मुद्दाम. तो बुटाची नाडी बांधत राहायचा. एक बूट बांधायला किती वेळ लागतो माणसाला!

मी हे सगळं अर्धवट झोपेत ऐकायचो. वाटायचं, माझाच दोष आहे. स्वप्नातला बर्फसुद्धा धप्पकन पडायला लागला.

सात वर्षांनी आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात पोचलो. एलियूदचे गुडघे तोवर बोलायला लागले होते, हा शेवटचा हंगाम हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटची दोन मिनिटं आली आणि मोन्सेरातेंनी सवयीने त्याला हाक मारायला हात वर केला. तेवढ्यात आमचा एक गडी पाचव्या फाउलवर बाहेर गेला. बाकावर दुसरं कुणी उरलं नव्हतं. हात तसाच खाली आला आणि एलियूद आत राहिला.

बारा सेकंद. एका गुणाने मागे. चेंडू यादिएलकडे, वीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. आणि तो नेमका अबिमाएलच्याच वाटेने माझ्याकडे निघाला. एलियूदला कुणी बोलावलं नव्हतं. तो समोरच्या कोपऱ्यातून दुखऱ्या गुडघ्यांनी धावत आला आणि माझ्यावर दोन्ही पाय रोवून खांबासारखा उभा राहिला. यादिएलला बाजूने वळावं लागलं. त्याच्या मागावरचा दांडगा गडी येऊन एलियूदच्या छातीवर आदळला. एलियूद माझ्यावर उताणा पडला, आणि भोंगा वाजला तेव्हा तो छपराकडे बघत होता. यादिएलचा चेंडू जाळीतून जाताना त्याने पाहिलाच नाही.

ढोल सुरू झाले. सगळे यादिएलवर तुटून पडले. एलियूदने कूस बदलली, गाल माझ्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "सात वर्षं उशीर झाला रे."

त्याच उन्हाळ्यात नवं बसवायचं म्हणून मैदान उखडलं. चौकोनी तुकडे करून लोकांना वाटले. मैदानाच्या मधोमध रंगवलेलं संघाचं पाखराचं चित्र मिळवायला रांग लागली. एलियूद सगळ्यांच्या शेवटी आला आणि मला काखेत मारून थेट टायरच्या दुकानात गेला. दुकानामागेच अबिमाएलचं घर होतं.

त्याने मला अंगणातल्या सिमेंटवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. अबिमाएल हातातला पाना न ठेवता ऐकत होता. "बघ तूच," म्हणून एलियूदने माझ्यावर चेंडू टाकला.

चेंडू टणकन उसळला आणि थेट त्याच्या तळहाताला लागला.

त्याने पुन्हा टाकला. पुन्हा टणकन. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि माझं मन पिसासारखं हलकं झालं. खोट माझ्यात नव्हतीच, ती माझ्या खाली होती आणि ती तिथेच कुजत राहिली. पण एलियूदकडे आता पुराव्याला काही उरलं नाही. उरला तो नुसता शब्द.

"चेंडू राहू दे," अबिमाएल शेवटी म्हणाला. "चेंडू माझ्या हातातून सुटला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला सांगून काय उपयोग? आई आत आहे. तिला सांग."

एलियूद घराकडे वळला. छातीवर एवढ्या धडका घेणारा माणूस, पण तीन पायऱ्या चढायला त्याला फार वेळ लागला. दार लोटलेलं राहिलं. मला आतून फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता, थांबत थांबत येणारा. मग एक खुर्ची सरकली, आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "बस. पहिल्यापासून सांग."

तेव्हापासून मी या अंगणातच आहे. पाऊस येतो, कोंबड्या अंगावरून जातात, रंग उडतोय, पट्ट्या सैल होताहेत. फार दिवस राहीन असं वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारखं काही कुठे धप्पकन वाजलं, तर पाय देऊन पुढे जाऊ नका. वाकून खाली बघा, आणि जे दिसेल ते वेळेत सांगा.

आता मला झोप येतेय. संध्याकाळ झाली की एलियूद लंगडत येतो, म्हातारी दारात खुर्ची टाकते, आणि अबिमाएल माझ्यावर चेंडू आपटत बसतो. चेंडू दर वेळी त्याच्या हातात परत येतो. म्हातारी मान हलवत मोजत असते.