कबरीखालची गारगोटी

मित्रांनो, या घरात मला अंडं म्हणतात, पण मी अंडं नाही. मी एक जुनी गारगोटी आहे. पांढरी, गुळगुळीत, एका टोकाला जराशी निमुळती. कृष्णामाईनं मला किती वर्षं पाण्यात घोळवलं ते तिचं तिलाच ठाऊक. घोळवता घोळवता तिनं माझे कोपरे काढले आणि कोपऱ्यांबरोबर आतलंही काही काढून नेलं असावं. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. ऊन पडलं की तापते, सावली आली की निवते. एवढंच.

कराडच्या संगमावर नवी नवरी अंबूबाई पाय धुवायला उतरली आणि मी तिच्या तळव्याखाली आले. "अगं बया, कोंबडीचं अंडंच की हे!" असं म्हणत तिनं मला पदराच्या गाठीला बांधलं. औंधच्या अलीकडे माळावर तिचं सासर. तिथं पोचल्यावर तिनं गाठ सोडली आणि मला कोंबडीच्या पाटीत ठेवलं. तेच माझं घर झालं.

माझं काम सोपं होतं. कोंबडी पाटीतल्या गवतावर अंडं घालते. ते उचललं आणि पाटी रिकामी दिसली की तिचं मन उडतं. मग दुसऱ्या दिवशी ती कडब्याच्या गंजीत घालते, बांधाला घालते, नाहीतर थेट शेजारणीच्या परसात. म्हणून पाटीत एक अंडं मागं ठेवायची रीत आहे. अंबूबाईच्या घरात तेवढंही मागं राहत नसे. म्हणून मी. मला बघून कोंबडी फसायची, माझ्याशेजारी बसायची, आणि थोड्या वेळानं माझ्याजवळ एक ऊन ऊन अंडं असायचं. मग कुणाचा तरी हात यायचा. अंडं जायचं, मी राहायची.

तांबडी आली नि गेली. बोडकी मुंगसानं नेली. आता कबरी आहे, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची.

गावरान कोंबडी रोज घालत नाही, मित्रांनो. दोन दिवस घालते, एक दिवस खाडा करते. अशी पंधरा-वीस अंडी झाली की तिच्यातलं काहीतरी संपतं आणि ती खुडूक होते. खुडूक म्हणजे काय? अंडी बंद. दिवसभर पाटीत बसून राहायचं, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून. दाण्याला उठायचं नाही. हात लावला तर कुरकुरायचं. खाली अंडी असली तर तीन आठवड्यांनी पिल्लं निघतात. नसली तरी ती बसतेच. या घरात सगळी अंडी खाल्ली जायची, म्हणून कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्यांच्या पोटाची सगळी ऊब मी घेतली. मला त्यातून काही झालं नाही. मी आपली गरम व्हायची, मग गार व्हायची.

कबरीची अंडी क्रांतीची होती. क्रांती म्हणजे अंबूबाईची लेक. तिला पोलीस व्हायचं होतं. तिचा बाप जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला. पहाटे तो लेकीला रस्त्यावर पळवायचा आणि स्वतः मागून सायकल हाणायचा. घरी आली की अंबूबाई उकडलेलं अंडं तिच्या हातावर ठेवायची. क्रांती ते उभ्यानंच सोलून खायची, तोंडात अंडं धरून बूट सोडायची.

"ह्यो दगुड बघ," जोतीराम मला उचलून लेकीला दाखवायचा. "घरात ह्योच एक शिस्तीचा. ठिवला तितं हाय."

"पप्पा, त्यो पळतोय कुठं? त्याला भरतीत घेत्यात व्हय?" क्रांती हसायची.

कबरी खुडूक झाली की जोतीराम तिला सरळ करायचा. बादलीत तीन वेळा गळ्यापर्यंत बुडवायचं आणि डालग्याखाली उपाशी कोंडायचं. तो त्याला क्वार्टर गार्ड, म्हणजे फौजेतली कोठडी, म्हणायचा. कबरी थरथरत बाहेर यायची. काही दिवसांनी पुन्हा अंडं घालायची. पण मला कळायचं, ते अंडं आधीच्याहून हलकं असायचं.

दोन भरत्या हुकल्या. दोन्ही वेळा बापानं लेकीला दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर काढलं. तिसरी भरती यंदाची. एका मार्कानं नाव राहिलं. साताऱ्याहून क्रांती एसटीनं आली. बूट काढून खाटेखाली ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

ती रडली नाही. दिलं तर खायची, नाही दिलं तर मागायची नाही. माझी पाटी तिच्या खाटेपासून चार हातांवर, अंगण दिसेल अशी दाराशी. आम्ही दोघी दिवसभर तशाच असायचो, दगडाशेजारी दगड असावा तशा.

"क्रांती! ऊठ! ग्राउंड हाय!" जोतीराम पहाटे हाक मारायचा.

"व्हय पप्पा," ती म्हणायची आणि उठायची नाही.

त्याच आठवड्यात कबरी खुडूक झाली.

शेजारची बयाबाई ताक घेऊन आली. तिनं पाटी बघितली, खाट बघितली. "अगं अंबू, तुज्या घरात दोन दोन खुडूक झाल्या की गं! एक पाटीत, एक खाटंवर!"

"बयाक्का, जिबंला हाड हाय का न्हाई तुज्या?" अंबूबाई दबक्या आवाजात म्हणाली. "ऐकतीया ती."

बयाबाईनं तोंडाला पदर लावला. "मी आपली हसवाय गेले गं. लय वंगाळ वाटतंय पोरीचं."

क्रांती भिंतीकडेच बघत होती.

आखाड चालू होता. मंगळवारी वेशीवरच्या मरीआईला घरटी कोंबडी जाते. जोतीराम अंगणातून आत आला, कबरीकडे बोट करून म्हणाला, "मंगळवारी हीच. खाती आन बसती. अंडं न्हाई तर हांडी."

"आवं, बसायचा वकूत हाय तिचा. उटंल की."

"कवा उटंल? बसू दिलं का बसायचीच सवय लागती." बोलताना त्याची नजर कबरीवर नव्हती.

अंबूबाईनं सूप पुढं ओढलं. ज्वारी निवडायला बसली, आणि सुपाच्या तालावर पुटपुटल्यासारखी गायली:

पेरल्या बियाला बाई, उकरून पाहू नये
निजल्या लेकराला, हाका मारीत राहू नये.

जोतीरामनं ऐकलं. त्याला राग आला, की आणखी काही, ते दगडाला काय कळणार? त्यानं पाटीत हात घातला आणि कबरीला पंखांनी धरून उचललं. माझ्यावरची ऊब एकदम गेली.

अंगणात बादली वाजली. एक डुबकी. कबरी ओरडली. दुसरी डुबकी. या वेळी ती ओरडलीच नाही, मान टाकून लोंबकळली.

खाट करकरली.

क्रांती उठली होती. केस विसकटलेले, पाय अनवाणी. दोरीवरचं आपलं पळायचं जाकीट ओढून ती अंगणात गेली.

"पप्पा, सोडा तिला."

"अगं, हिची खोड—"

"द्या हिकडं." तिनं कबरीला जाकिटात गुंडाळून पोटाशी धरलं. "बसू द्या की तिला. बसलीया, मेली न्हाई."

जोतीरामच्या कोपरापासून पाणी ठिबकत होतं. "पण अंडं..."

"आटलंय, पप्पा. आत काय न्हाईच आत्ता. कितीबी बुडिवलं तर कुठनं यायचं?"

ती आत आली. कबरीला पुसून पुसून पाटीत ठेवलं आणि पुन्हा खाटेवर पडली. जोतीरामनं ओले हात पुसले. मग त्यानं बादली उपडी केली.

अंबूबाई बयाबाईच्या घरी गेली. बयाबाईकडे कोंबडा आहे, म्हणून तिच्याकडच्या अंड्यांतून पिल्लं निघतात. तिनं ओंजळ ओंजळ करून अंडी दिली आणि वर म्हणाली, "पिल्लं निगाली का एक कोंबडा माजा गं!" अंबूबाईनं मला उचलून कोनाड्यात ठेवलं आणि ती अंडी कबरीच्या पोटाखाली सरकवली. कबरीनं एकेक चोचीनं आत ओढून घेतलं. माझी तिला आठवण झाली नाही. मला काही वाटलं नाही. फक्त कोनाडा गार होता.

मंगळवार आला. गाव वेशीकडे निघालं. कुणाच्या हातात उलट्या धरलेल्या कोंबड्या, कुणाच्या डोक्यावर टोपल्या. जोतीरामच्या हातात दहीभात आणि कडाकण्यांचं ताट होतं.

दारातून बयाबाईनं विचारलं, "आवं हवालदार, मरीआई काय कडाकण्यांवर भागवंल व्हय? कोंबडी कुठाय?"

जोतीराम उंबऱ्यात थांबला. बयाबाईला उत्तर देताना त्याचा आवाज मात्र खाटेकडे चालला होता.

"रजंवर हाय."

"रजंवर? किती दिसाच्या?"

"तारीख न्हाई घातली," तो म्हणाला. "मंजूर केलीया. तिची ती हजर हुईल."

ताट घेऊन तो निघून गेला.

मग खाटेवरून एक आवाज आला, आधी दाबलेला, नंतर न दाबता येणारा. निकालाच्या दिवसापासून अडलेलं क्रांतीचं रडं बाहेर पडत होतं. अंबूबाई तिच्या पायथ्याशी जाऊन बसली. उठवलं नाही, विचारलं नाही. नुसता तळव्यावर हात ठेवला. पाटीत कबरीनं एक अंडं पोटाखाली फिरवून घेतलं.

मित्रांनो, मी कधी थांबले नाही, कारण माझ्यातून कधी काही निघालंच नाही. जे देतं, तेच थांबतं. तुमच्या घरातही रोज काहीतरी देणारं कोणी असेल, कोंबडी असेल, आई असेल, बहीण असेल. एखाद्या दिवशी ते गप्प बसेल. तेव्हा बादली भरू नका. दाणे जवळ सरकवून ठेवा, पाणी ठेवा, आणि त्याच्या दारावरून जाताना पावलं जरा हळू टाका.