साडेसहा इंच साग

मी बोलतेय, साडेसहा इंच उंचीची सागवानाची एक फिन. तुम्ही मला ओळखत नसाल, त्यात तुमचा दोष नाही. माझी जात पाण्याखाली राहणारी. माणूस बोर्डवर उभा राहून लांब वल्ह्यानं पाणी मारत जातो ना, त्या बोर्डच्या पोटाला, मागच्या टोकाशी मी उलटी लटकते. माशाला जसा पर, तशी बोर्डला मी. टाळ्या वरच्या माणसाला मिळतात. पण बोर्ड सरळ जाईल की वळेल, लाटेत टिकेल की घसरेल, हे बरंचसं खाली ठरतं.

कारखान्यातल्या बहिणींसारखी मी साच्यात ओतली गेले नाही. एका विश्रामगृहाची दारं बदलली, तेव्हा उरलेल्या चौकटीचा तुकडा आलापल्लीच्या सुकलू सुताराच्या पडवीत येऊन पडला होता. त्यातून त्यानं मला काढलं. हात सुकलूचे होते, पण माझी कल्पना सुकरीची.

सुकरी आत्राम. वय चोवीस. गाव प्राणहितेच्या काठावर. तिचा बाप लालसू लाकडी डोंग्यातून मासे मारायचा आणि सुकरी सहा वर्षांची असल्यापासून त्या डोंग्यात उभी राहून बांबूनं तो ढकलायची. पाण्यावर उभं राहण्यात काही विशेष आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तालुक्यातल्या एका तलावावर जलपर्यटन केंद्र निघालं. हवा भरायचे दहा बोर्ड आले. सुकरीला तिथं काम लागलं, पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून द्यायचं. शहरातून आलेले लोक बोर्डवर चढायचे आणि धपाधप पाण्यात पडायचे. एका दुपारी कुणी नसताना ती स्वतः चढली आणि घरच्या अंगणात उभी राहावी तशी उभी राहिली. तलावाला एक फेरी मारून आली, तर काठावर चंदन सर उभे.

चंदन सर केंद्राचे प्रशिक्षक. नऊ वर्षं कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, तोवर जीव टांगणीला. माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणते. तिला रागावले नाहीत. वल्हं कुठं धरायचं, गुडघे किती वाकवायचे, वळताना मागचा पाय कुठं न्यायचा, सगळं त्यांनी शिकवलं. स्वतःच्या डब्यातली अंडी तिच्या पुढ्यात ठेवून म्हणायचे, "खाय. ताकद लागते याले."

दिवाळीनंतर कोकणातल्या किनाऱ्यावर राज्याच्या स्पर्धा होणार होत्या. शर्यत साधी नव्हती. लाटा फोडून आत जायचं, पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या तीन बोयांना वळसा घालायचा आणि लाटेवर बसून परत यायचं. पहिल्या दोघांना राष्ट्रीय संघाच्या शिबिरात जागा. सरांनी सुकरीचं नाव घातलं.

आता गडचिरोलीत लाट कुठून आणायची? ती लालसूनं दाखवली. प्राणहितेत खडकांची एक ओळ आहे. दसऱ्याच्या सुमारास पाणी उतरू लागलं की त्या खडकांखाली लाट उठते आणि जागेवरच उभी राहते, फेसाळत. सरांनी बोर्ड पिकअपमध्ये टाकून तिथं आणला. सुकरी त्या लाटेवर चढली खरी, पण वळायला गेली की बोर्ड ऐकेना. नाकासमोर सरळच जायचा. पंधरा वेळा ती पडली.

"बोर्डात खोट आहे का सर?" ती थुंकत म्हणाली. तोंडात वाळू गेली होती.

खोट बोर्डात नव्हती. बोर्डसोबत आलेली फिन प्लास्टिकची, दहा इंची. ती तलावासाठी. सरांनी मोबाइलवर पाहून, वाचून, दोन दिवसांनी तिला समजावलं, "मोठी फिन म्हंजे सरळ तासाचा बैल. सपाट पाण्यात झकास. लाटेत लवकर वळा लागते, तिथी हा बैल अडते. मधली फिन लहान पायजे, अन् दोन्ही बाजूले दोन बारक्या. बारक्या पकड देते, मधली वळू देते." त्यांनी ते स्वतःच्या वहीत लिहिलंसुद्धा. 'लाटेत मोठी फिन लावू नये.' खाली दोन रेघा मारल्या. ती वही आणि त्या दोन रेघा लक्षात असू द्या.

बाजूच्या बारक्या फिना केंद्राच्या गोदामात न फोडलेल्या पिशवीत सापडल्या. मधली लहान फिन मात्र नव्हती. सरांनी केंद्राच्या जिल्हा कार्यालयाला अर्ज केला. तीन आठवडे उत्तर नाही. तेव्हा सुकरीनं पळसाच्या पानात एक ताजा शिंगाडा मासा गुंडाळला आणि बसनं आलापल्ली गाठली.

तिनं मासा सुकलूच्या रंध्याशेजारी ठेवला. "काका, हा धारेत उभा राह्यते, वाहून नाई जात. अन् पायजे तवा गरकन वळते. याच्या पाठीवरचा पर पाहा. मले लाकडात असा करून द्या."

सुकलूनं मासा उलटापालटा केला. "माशाले सुतार लागते हे आजच समजलं," तो म्हणाला. पण डोळे बारीक करून त्यानं पराची बाहेरची कड बोटानं मापली. मग मासा घरात रांधायला पाठवला आणि रंधा हातात घेतला.

पहिली फिन उभट आणि पातळ झाली. धारेत थरथरत राहिली आणि चौथ्या दिवशी मोडली. दुसरी फार लहान. बोर्डचं शेपूट तव्यावरच्या लोण्यासारखं घसरायचं. तिसरी मी. बुडाशी रुंद, वर निमुळती, टोक मागं झुकलेलं. कडा काचेच्या तुकड्यानं तासलेल्या आणि अंगाला मोहाच्या बियांचं तेल पाजलेलं. मला बसवायच्या खाचेतही सुकरीनं प्रयोग केले. अगदी मागं बसवली तर मीही हट्टी व्हायचे. दोन बोटं पुढं सरकवली आणि स्क्रू आवळला, तेव्हा जमलं.

त्या सकाळी ती लाटेवर चढली, मागचा पाय दाबला आणि मी पाण्यात रुतून गरकन फिरले. बोर्ड माझ्यामागं आला. सुकरी ओरडली, "वळला! सर, वळला!" काठावर चंदन सर लहान मुलासारखे नाचत होते. लालसू डोंग्यात बसून होता. तो हसला. त्याला पुढचे दात नव्हते.

माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही आहे, ते एवढंच. पंचवीस-तीस सकाळी.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या खारेपणानं माझे डोळे चुरचुरले असते, मला डोळे असते तर. बाकीच्या खेळाडूंच्या फिना काळ्या, चकचकीत. एकीनं मला बोट लावून विचारलं, "हा पाट आहे का गं?" सगळे हसले. सुकरी हसली नाही. प्राथमिक फेरीत ती पहिली आली. उपांत्य फेरीत दुसरी, तीही एका हाताच्या अंतरानं. तिसऱ्या बोयाला तिनं जो वळसा घेतला, तो पाहून 'पाट' म्हणणारी ती मुलगी जवळ आली आणि मला पुन्हा बोट लावलं. या वेळी कडेवरून, टोकापर्यंत.

अंतिम फेरीच्या सकाळी श्रीहरी साहेब आले. कार्यालयातले मोठे साहेब. स्पर्धेच्या तीन दिवसांत पहिल्यांदाच. सोबत छायाचित्रकार, आणि कुणा प्रायोजकानं दिलेलं एक खोकं. खोक्यात नवी फिन होती. काळीभोर, दहा इंची, कडेवर सोनेरी नाव.

"हे लाव. मुंबईहून आली आहे," साहेब म्हणाले. "हा लाकडाचा तुकडा काय लावलाय? आपल्या जिल्ह्याची काही इज्जत आहे की नाही?"

सुकरी म्हणाली, "साहेब, ह्या फिननं बोर्ड नाई वळत लाटेत. हे शांत पाण्याची आहे."

"तू इंजिनिअर आहेस का?" साहेब हसत म्हणाले. छायाचित्रकारही हसला. "फोटो प्रायोजकांना पाठवायचाय. शर्यतीतला. ही फिन लावलेला."

सुकरीनं साहेबांकडे पाहिलंच नाही. तिनं चंदन सरांकडे पाहिलं. "सर, तुमी सांगा ना."

सरांना फक्त एकच वाक्य बोलायचं होतं. ते त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. साहेबांनी आपल्या हातातल्या पिशवीची चेन लावता लावता सहज म्हटलं, "चंदन, तुझी फाईल माझ्याच टेबलावर आहे. कायम करायची."

सर वाळूकडे बघत म्हणाले, "लाव सुकरी. एका शर्यतीनं काय होते."

स्क्रू त्यांनीच काढला. त्यांच्या बोटांनी मला खाचेतून ओढलं आणि ट्रॅकपँटच्या खिशात टाकलं. अंतिम फेरी मी पाहिली नाही. ती मला सरांच्या मांडीतून कळली. शिट्टी झाली तेव्हा मांडी ताठ झाली. पहिल्या बोयाला लोक ओरडले, "बाहेर गेली, बाहेर गेली," आणि सरांचा हात खिशात आला. दुसऱ्या बोयाला त्या हातानं मला घट्ट धरलं. तिसऱ्याला इतकं घट्ट की माझी कड त्यांच्या तळव्यात घुसली. तोवर सुकरी पाचवी होती.

परत येताना तिनं लाट पकडली. लाट चांगली होती, असं मागून कुणीतरी म्हणालं. पण किनाऱ्याजवळ पाणी गुडघाभर उरलं की तिथं लहान फिन तरून जाते, दहा इंची जात नाही. तिचं टोक वाळूत रुतलं. बोर्ड जागच्या जागी थांबला आणि सुकरी पुढं, खांद्यावर.

आवाज मला खिशातही ऐकू आला.

वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. 'समुद्राची सवय नसल्याने जिल्ह्याच्या खेळाडूचे आव्हान संपुष्टात.' कार्यालयाच्या अहवालातही तेच वाक्य. अहवालाखाली सही चंदन सरांची. फिनचा उल्लेख कुठंच नाही. सही करण्याआधी ते बराच वेळ पेन झटकत बसले होते. पेनात शाई भरपूर होती.

सुकरीच्या खांद्यावर चंद्रपुरात शस्त्रक्रिया झाली. हाड जुळलं. पण उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. वल्हं गेलं, आणि डोंग्यातून जाळं फेकणंही गेलं. लालसू तिचं सामान न्यायला केंद्रावर आला होता. सरांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "सर, माह्या पोरीले पाण्यानं नाई पाडलं." एवढंच बोलून तो गेला.

सरांची नोकरी कायम झाली.

आणि मी? वर्षभर मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होते. मग केंद्राला मोठे पाहुणे यायचे ठरले आणि श्रीहरी साहेबांना कुठूनतरी माझी आठवण झाली. लाकडाच्या तुकड्यानं जिल्ह्याची इज्जत जाते म्हणणाऱ्या साहेबांनी मला काचेच्या पेटीत बसवलं. खाली पितळेची पाटी. 'स्थानिक सागवानापासून बनविलेली अभिनव फिन. संकल्पना: श्रीहरी साहेब. मार्गदर्शन: चंदन सर.' सुकलूचं नाव नाही. सुकरीचं नाव नाही. माशाचं तर सोडाच.

मागच्या महिन्यात सुकरी आली. एका वसतिगृहात कामासाठी अर्ज करायचा होता, त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. पेटीसमोर थांबली. पाटी तिनं सावकाश, शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, आता काच फोडते. तिनं नुसता डावा हात काचेवर ठेवला.

चंदन सर दाखला घेऊन आतल्या खोलीतून आले. तिला तिथं पाहून जागीच थबकले. खिशातून पेटीची किल्ली काढली.

"सुकरी, घेऊन जाय हे. तुहीच वस्तू आहे. साहेबाले मी सांगतो काय सांगायचं ते."

"आता सांगता, सर?"

सरांनी दुसऱ्या हातातला दाखला पुढं केला.

सुकरीनं दाखला घेतला, घडी घातली. "राहू द्या इथीच. तुमची खुर्ची समोरच आहे. रोज दिसन."

ती गेली. मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र आतल्या आत तिच्यामागं ओढ घेत राहिले. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. सरांना शिक्षा द्यायची तर द्यावी, पण त्यांच्यासोबत मला कशाला कोंडावं? मी तर तिला कधी पाडलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही. आम्हा वस्तूंना कुणी विचारत नाही. आणि सुकरीला तरी कुणी विचारलं होतं?

आता तेल वाळलंय. बुडापासून टोकाकडं एक बारीक चीर गेलीय. साग पाण्यात शतकभर टिकतो म्हणतात, काचेत किती टिकतो ते ठाऊक नाही. चंदन सरांनी खुर्ची दोनदा फिरवून पाहिली. खोली लहान आहे. कुठंही बसलं तरी मी दिसतेच.

कधी इकडं आलात, तर पाटी वाचू नका. सर समोरच बसलेले असतील, आदबीनं उठून माहिती द्यायला येतील. त्यांना फक्त विचारा, ही कुणी केली? मग उत्तर येईपर्यंत थांबा. घाई करू नका. पाच वाजेपर्यंत केंद्र उघडं असतं.